मी निवडलेली मशीन

त्या हिवाळ्यात आमच्या घरात तिखट लागायचं बंद झालं होतं. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण ते तसंच होतं. दसऱ्यानंतर माय चार दिवसांच्या तापात गेली आणि चूल माझ्याकडे आली. माय ठेच्याला मिरच्या निवडून घ्यायची, बाबांना ठसका लागू नये म्हणून पोपटी, कमी तिखट अशा. मी मात्र हाताला येतील त्या टाकायची. एकदा निव्वळ लवंगी मिरच्यांचा ठेचा झाला, नुसत्या वासानं शेजारच्या काकू शिंकत होत्या. बाबांनी तो भाकरीवर घेऊन खाल्ला, मीही खाल्ला, आणि दोघांपैकी कुणीही पाण्याकडे हात नेला नाही. ताटं उचलली, राखेनं घासली, पालथी घातली. गावातल्या बायका म्हणायच्या, सुमन मोठी धीराची पोरगी, डोळ्यातून टिपूस काढलं नाही. धीर वगैरे काही नव्हता. मला काही होतच नव्हतं. सकाळी उठायचं, केर काढायचा, गिरणीची टुकटुक सुरू झाली की दहा वाजले समजायचं, ती थांबली की स्वयंपाकाला लागायचं. बाबा ओट्यावर बसून असायचे. तीन महिने त्यांनी हत्यारांच्या पोत्याची गाठ सोडली नाही.

बाबा फरशीचे मिस्त्री. रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या त्या गावात आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत कुणाच्या ओट्यावर, देवळाच्या पायरीवर, न्हाणीघरात फरशी बसली असेल तर ती बहुतेक बाबांच्या हातची. आमच्या अंगणात कायम फरशीचे तुकडे पडलेले असायचे. आमची पाटी तुकड्याची, पाट तुकड्याचा, कपडे धुवायचा दगडही तुकड्याचाच. छन्नीवर हातोडा पडण्याचा आवाज इतका रोजचा होता की तो आम्हाला ऐकू येत नसे, थांबला की मात्र लगेच कळायचं. आणि बाबा फरशी कापायला बसले की माय हातातलं काम टाकून त्यांच्या बाजूला येऊन बसायची. तिच्याजवळ एक पोचे पडलेला पितळी तांब्या असायचा. बाबा खडूनं रेघ मारायचे आणि माय त्या रेघेवर बोटांनी पाणी शिंपडायची. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवतात ना, तितकंच, तेवढ्याच सहजपणे. छन्नी पुढे सरकली की माय पुन्हा बोटं बुडवायची. दोघं बोलत नसत. कुणाच्या घरी काम असलं तरी ती तांब्या घेऊन सोबत जायची, आणि लोक बाबांची थट्टा करायचे की मिस्त्री, बायकोबिगर तुमाले दगड बी कापता येत नाई का. बाबा मान खाली घालून हसायचे.

ती का बसते, हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी वाटायचं की दगडाला तहान लागते. मोठी झाल्यावर वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी असेल, आपण कशाला बघा. बाबांना खोकला होता, तो तर कायमचाच होता. फार पूर्वी वाशिमच्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं होतं की ही दगडाची धूळ आहे, आत गेलेली निघत नाही, पण आणखी जाऊ देऊ नका, नाहीतर माणूस जाईल. तेव्हा माय सोबत होती. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं की बाबांना तिखट देऊ नका. तांब्याबद्दल ती काही बोलली नाही. त्या हिवाळ्यात मी अठरा वर्षांची, दहावी झालेली, औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवणारी, पण तांब्याचा आणि त्या नळीचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. आज याचा राग येतो. तेव्हा रागही येत नव्हता.

पौषात ग्रामपंचायतीचं काम आलं. शाळेच्या पटांगणात गट्टू बसवायचे होते. सिमेंटचे ते नागमोडी कडांचे ठोकळे तेव्हा आमच्याकडे नवीनच आले होते, पण ज्याच्या-त्याच्या तोंडी गट्टूच. मधोमध झेंड्याचा गोल चबुतरा, त्याच्याभोवती गट्टू, आणि सगळं झेंडावंदनाच्या आधी व्हायला हवं. सरपंचांनी निरोप धाडला. बाबा ओट्यावरून हलले नाहीत. पण त्यांचे जुने जोडीदार नामदेवकाका, जे आयुष्यभर त्यांना रेती-सिमेंट कालवून देत आले, ते सकाळी येऊन ओट्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमी नाई करत म्हनलं तर ते काम मी बी नाई करत. मंग दोघंबी बसू अठी. मले काय, मले तमाखू हाये." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून पोत्याची गाठ सोडली. त्या दिवशी घरात पहिल्यांदा लोखंडाचा आवाज झाला.

गट्टूचं काम फरशीपेक्षा वेगळं. खाली कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, पसरायची, ती दाबून सपाट करायची, दोरी ताणायची आणि अख्खे गट्टू आधी बसवत जायचे. तुकडे शेवटी. भिंतीच्या कडेला, नळाच्या भोवती, चबुतऱ्याच्या गोलाईला जिथं अख्खा मावत नाही तिथं जागा सोडून द्यायच्या. पाच दिवसांत पटांगण भरलं आणि चबुतऱ्याभोवती दात पडल्यासारखी फट राहिली. बाबांनी छन्नीनं पहिला गट्टू कापायला घेतला, तर तो भलतीकडेच फुटला. दुसऱ्याचा कोपरा उडाला. फरशीला शीर असते, ती कुठं सुटेल ते बाबांच्या हाताला कळायचं. गट्टूला शीर नाही. तो जिथं मनात येईल तिथं फुटतो. संध्याकाळपर्यंत वाया गेलेल्यांचा ढीग पाहून सरपंच म्हणाले, "मिस्त्री, मशीन आना बाप्पा. असं तर आपला झेंडा होळीले लागन."

आमच्या घरात हत्यार निवडायचं काम मायचं होतं. हे ऐकून लोक चकित होतात, पण बाबा तिच्याशिवाय छन्नी घेत नसत. रिसोडला हाजीचाचांचं लोखंडाचं दुकान होतं. बाजूला सरकीची ढेप, सोयाबीनची पोती, हमालांची आरडाओरड, आणि या सगळ्यात माय दुकानाच्या दगडी पायरीवर एकेक छन्नी आपटून आवाज ऐकायची. ठण्ण वाजली तर घ्यायची, थप्प वाजली तर परत ठेवायची. हाजीचाचा तिला म्हणायचे, "भाभी, तुमी दुकानात बसा, मी तुमच्या घरी जातो." त्या दिवशी एसटीतून उतरून आम्ही दुकानात गेलो तेव्हा चाचांनी मायबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त आपल्या हातानं गादी झटकली आणि बाबांना बसवलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता बेटी निवडन का?"

बाबा म्हणाले, "हाव, तेच सांगन."

चाचांनी तीन गोष्टी काढून समोर ठेवल्या. पहिली रुंद तोंडाची पोलादी छन्नी. म्हणाले, "हे तुमची वळखीची. पन गट्टूले जमत नाई, तुमी पाह्यलंच." दुसरी एक लोखंडी चौकट, वर-खाली दोन पाती आणि बाजूला हातभर लांब दांडा. एका ठेकेदारानं मागवली होती, तो न्यायलाच आला नाही. चाचांनी एक फुटका गट्टू पात्यांमध्ये ठेवून दांडा खाली ओढला. खट् असा एकच आवाज झाला आणि गट्टूचे दोन तुकडे झाले. "धूळ नाई, वायर नाई. पन कड थोडी खरबरीत येते, अन गोलाईले तीन-चार डाव लागतात. सबर पाह्यजे." तिसरी ती मशीन. हिरव्या रंगाची, हातात मावणारी, तोंडाला गोल चकती. चाचांनी ती सुरू करून बंद केली तेवढ्यात दुकानातली बोलणी थांबली. "हे लोन्यासारखं कापते. पन दोन गोष्टी याद ठेव बेटी. धूळ भल्ली उडते. अन पानी बिलकूल नाई. पानी लागलं तर करंट देईन."

मी तिन्हीकडे पाहिलं. पायरीवर आपटून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि असतं तरी मला ऐकू आलं नसतं. धूळ हा शब्द मी ऐकला. पाणी नाही, हेही ऐकलं. डॉक्टरची नळी, मायच्या तेराव्याला आलेले लोक गेल्यावर रिकामा झालेला ओटा, बाबांचा खोकला, हे सगळं मला माहीत होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या घरचं असावं तसं. मला तिथून निघायचं होतं आणि परतीची गाडी चुकवायची नव्हती, बस. मशीन माझ्या हाताच्या सगळ्यात जवळ होती. मी तिच्याकडे बोट केलं.

हाजीचाचा एकदा म्हणाले, "सोच ले बेटी." बाबा उठून उभे राहिले होते. मशीन पोत्यात गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीतून वायर ओढली आणि काम सुरू झालं. मशीन खरंच लोण्यासारखी कापायची. आणि धूळ अशी उडायची की तीन हातांवरचे नामदेवकाका दिसायचे नाहीत. मास्तरांनी वर्गांची दारं लावून घेतली. बाबांनी तोंडाला रुमाल बांधला होता, पण खोकला आला की तो खाली ओढायचे आणि मग वर करायचं विसरायचे. दुपारी मी भाकर घेऊन गेले तेव्हा बाबांच्या भुवया, मिशा, कान, सगळं पांढरं झालेलं. खोकला सुरू झाला की ते मशीन बंद करायचे, गुडघ्यावर हात टेकून वाकायचे, आणि पुन्हा चालू करायचे. नामदेवकाका म्हणाले, "सुमे, तुहा बाबा जीव देऊन राह्यला बरं का." मी म्हटलं, "भाकर गार होऊन राह्यली, जेवून घ्या." असं मी बोलले. लिहिताना हात अडखळतो, पण बोलले ते बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना मधे थांबावं लागलं. एका पायरीवर उभे राहून त्यांनी श्वास घेतला, मग दुसरी. मी केर काढत होते आणि ते पाहिलं. तेव्हाही मला काही वाटलं नाही. फक्त मी झाडू खाली ठेवला, घरात गेले, मायचा तांब्या फळीवरून काढला, घासला, भरला आणि बाबांच्या मागं शाळेकडे चालू लागले. का, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाय जात होते.

चबुतऱ्याजवळ बाबा उकिडवे बसले. गट्टूवर त्यांनी खडूनं वाकडी रेघ मारली. मी त्यांच्या डाव्या बाजूला, माय बसायची तिथं जाऊन बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि मशीन उचलली. त्यांनाही ते विचित्र वाटलं नसावं. वीस वर्षं त्या जागी कुणीतरी तांब्या घेऊन बसलेलंच होतं. मशीन सुरू झाली, चकती रेघेला लागली, पांढरी धूळ उठली, आणि मी बोटं बुडवून पाणी शिंपडलं. एकदा. धूळ थोडी बसली. मला बरं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा ओंजळभर शिंपडलं.

बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मशीन त्यांच्या हातातून उडाली, कचीत पडून स्वतःभोवती गरगरली, आणि बाबा मागच्या मागं पडले. नामदेवकाकांनी धावत जाऊन वायर उपटली. एकदम सगळं शांत झालं. दूर एका वर्गात पोरं पाढे म्हणत होती तेवढंच. बाबा आडवे पडले होते, डोळे उघडे, वर आभाळाकडे. तांब्या माझ्या हातातून सुटून घरंगळत गेला होता. चाचांचं वाक्य मला तेव्हा ऐकू आलं, त्यांनी ते आत्ताच म्हटल्यासारखं. मी बाबांना मारलं, असं माझ्या मनात आलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली. मी त्यांच्या अंगावर पडून ओरडले, "बाबा! बाबा, बोला ना हो!"

बाबांनी बोटं उघडझाप करून पाहिली. पायातली रबरी चप्पल कामाला आली होती. नामदेवकाकांनी त्यांना पाठीला धरून बसवलं. बाबांनी गरगर फिरून गप्प पडलेल्या मशीनकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग माझ्याकडे.

"तुह्या मायनं वीस वर्सं पानी शिपडलं," ते म्हणाले, "पन तिनं कधी करंट नाई देला मले."

नामदेवकाकांना हसू आवरेना. ते हसले म्हणून बाबा हसले, खोकले, पुन्हा हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसता ते केव्हा रडणं झालं कळलं नाही. मी शाळेच्या पटांगणात, भर सकाळी, पोरं खिडक्यांतून पाहत असताना, मोठ्यानं रडले. मायचं नाव घेऊन रडले. बाबा बाजूला बसून होते. करंट लागलेला तो हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"तुमाले ठाव होतं का, माय काहून पानी शिपडे ते?" मी विचारलं.

"ठाव होतं," बाबा म्हणाले. "तिनं सांगतलं नाई, मी इचारलं नाई."

"मंग ते मशीन काहून घेऊ देली मले?"

बाबांनी चपलेवरची कच झटकली. मग म्हणाले, "पानी शिपडनारीच नाई राह्यली, मंग कोनतं बी हत्यार घेतलं तरी काय, असं वाटलं व सुमे." दुकानात बोट मी केलं होतं, पण उठून उभे तर ते माझ्याही आधी राहिले होते. आम्ही दोघंही त्या दिवशी एकच गोष्ट विकत घेऊन आलो होतो, हे मला तिथं कचीत बसल्या-बसल्या समजलं, आणि मग मी आणखी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पोतं घेऊन रिसोडला गेलो. वापरलेली मशीन कोण परत घेतो? पण हाजीचाचांनी बाबांच्या भाजलेल्या तळहाताकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मशीन मुकाट्यानं फळीवर ठेवली. ती लोखंडी चौकट त्यांनी स्वतः पुढे आणली. मी म्हटलं, "थांबा चाचा." खाली वाकून मी तिचा दांडा ओढला आणि सोडून दिला. पाती एकमेकांवर आदळली. आवाज पायरीवरच्या छन्नीसारखाच आला, स्वच्छ, ठण्ण. "हेच द्या," मी म्हटलं. चाचा म्हणाले, "अब भाभी बोली." घरी येईपर्यंत मी एसटीच्या खिडकीला तोंड लावून बसले होते. त्या संध्याकाळी ठेचा केला तेव्हा मिरच्या निवडून घेतल्या.

चबुतऱ्याची गोलाई तीन-तीन, चार-चार डावांत कापली गेली. कड खरबरीत आली, सरपंच कुरकुरले, आणि झेंडा ठरल्या दिवशीच लागला. चौकटीला पाण्याची गरज नव्हती, तरी मी तांब्या घेऊन बसायचे. खट् आवाज झाला की जी चिमूटभर भुकटी पडायची तिच्यावर शिंपडायचे. बाबांनी कधी नको म्हटलं नाही. आत गेलेली धूळ निघाली नाही, डॉक्टर खरं बोलले होते. पण त्यानंतर बाबा माझ्या लग्नात होते, माझ्या मुलीच्या बारशाला होते, तिला पाटीवर अक्षरं गिरवायला त्यांनीच बसवलं. शाळेच्या चबुतऱ्याजवळ आजही एक गट्टू आहे, त्याच्यावर वाकडी, अर्धवट चीर आहे. मशीन हातातून उडाली तिथंच ती थांबलेली. बाबांनी तो गट्टू फेकला नाही, तसाच बसवला. माहेरी गेले की मी बोट घालून बघते.

शेवटच्या वर्षी बाबांना आडवं होता येत नसे. पाठीशी दोन उशा घेऊन ते बसून असायचे, एकेक श्वास मोजल्यासारखा घ्यायचे. मी महिनाभर त्यांच्याजवळ राहायला गेले होते. एका दुपारी त्यांनी फळीवरच्या तांब्याकडे हात केला. मला वाटलं, तहान लागली असेल. भरून ओठांपाशी नेला तर त्यांनी तोंड फिरवलं आणि खाली भुईकडे बोट दाखवलं. खाली त्यांच्याच हातची फरशी होती, सकाळीच मी ती पुसून घेतली होती.

"बाबा, अठी कुठं धूळ हाये?"

"नसू दे," बाबा म्हणाले. "तू शिपड."

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, बोटं बुडवली आणि शिंपडलं. पाणी चांगलंच गार होतं.